दवाखान्यातून संचालकपदाकडे: व्यवस्थापनात येऊ पाहणाऱ्या महिला डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षे रुग्णसेवा केल्यावर रुग्णालयाच्या, औषधकंपनीच्या किंवा आरोग्यक्षेत्रातील नव्या उद्योगाच्या व्यवस्थापनात जाण्याचा विचार करणाऱ्या महिला डॉक्टरांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. कायद्याचे तपशील महाराष्ट्रातील खासगी रुग्णालये आणि आधुनिक वैद्यकाची नोंदणी डोळ्यांपुढे ठेवून दिले आहेत. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या असल्याने त्यांचे नियम त्या-त्या परिषदेकडून पाहून घ्यावेत.

व्यवस्थापनात जायचे म्हणजे नेमके कुठे जायचे?

वाटा बऱ्याच आहेत आणि त्या एकमेकींपासून दूर जातात. सर्वांत जवळची वाट रुग्णालयाच्या प्रशासनाची आहे: आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) किंवा कन्सल्टंट म्हणून काम केल्यावर वैद्यकीय अधीक्षक, मग वैद्यकीय संचालक आणि साखळी रुग्णालयांत पुढे एखाद्या शाखेचे प्रमुखपद. या वाटेवर एका गोष्टीची आधीच चौकशी करावी. वैद्यकीय संचालक हे पद ऐकायला मोठे असले तरी पुष्कळ ठिकाणी अंदाजपत्रक, नेमणुका आणि दरपत्रक या तिन्ही गोष्टी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती असतात आणि वैद्यकीय संचालकाच्या टेबलावर येतात त्या रुग्णांच्या तक्रारी, डॉक्टरांच्या रजा आणि एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या फाइली. म्हणून पद स्वीकारण्यापूर्वी किती रकमेपर्यंतच्या खर्चावर आपली सही चालेल, हे स्पष्ट विचारावे. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर पदाचे खरे स्वरूप तेथेच कळते.

दुसरी वाट औषधकंपन्यांच्या वैद्यकीय विभागाची, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, औषधसुरक्षा आणि वैद्यकीय सल्ला या कामांची. तेथे फार्माकॉलॉजीतील एमडीला पूर्वीपासून मागणी आहे, पण इतर शाखांतील डॉक्टरही जातात. आरोग्यविमा कंपन्या आणि त्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्था (टीपीए) यांच्याकडे दाव्यांची छाननी करणारे डॉक्टर लागतात, मात्र त्या कामातून नेतृत्वाकडे जाणारा जिना अरुंद असतो. राहिला स्वतःचा उद्योग: डायग्नोस्टिक सेंटर, आयव्हीएफ केंद्र, गृहसेवा, स्टार्टअप. आणि ज्यांच्याकडे आधीच नर्सिंग होम आहे, त्यांचा विचार पुढच्या प्रश्नात केला आहे.

मी पंधरा वर्षे पतीबरोबर नर्सिंग होम चालवते. हा अनुभव व्यवस्थापनाचा म्हणून धरला जातो का?

धरला जायला हवा, आणि कागदावर असेल तर जातो. आपल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील नर्सिंग होमची मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. ते सर्जन किंवा फिजिशियन, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ. पाटीवर नावे दोघांची, पण गावाच्या बोलण्यात ते 'सरांचे हॉस्पिटल'. महिन्याचे पगार, सिस्टर, मामा आणि मावशी यांच्या पाळ्या, ऑक्सिजनचा पुरवठादार, जैववैद्यकीय कचऱ्याच्या नोंदी, महावितरणचे बिल, अग्निशमनाचा दाखला, सोनोग्राफीचे एफ फॉर्म (गर्भवतीच्या तपासणीची कायद्याने लागणारी नोंद) आणि नर्सिंग होमच्या नोंदणीचे दर तीन वर्षांनी येणारे नूतनीकरण ही सगळी कामे बाई दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात, पुष्कळदा ओटीच्या कपड्यांतच, उरकत असतात. त्याच बाई स्वतःचा बायोडेटा लिहायला बसल्या की 'स्त्रीरोगतज्ज्ञ, १५ वर्षे' एवढेच लिहून थांबतात.

या कामाला पदनाम नाही, पगार नाही आणि बहुधा मालकीहक्कही नाही, म्हणून ते घरकामाच्या खाती जमा होते. माझ्या मते व्यवस्थापनाकडे जाण्याची पहिली पायरी एमबीएची नसून ही कागदपत्रे नीट करण्याची आहे. रुग्णालय एकट्या पतीच्या नावावर आहे, की भागीदारी आहे, मर्यादित दायित्वाची भागीदारी (एलएलपी) आहे, की खासगी मर्यादित कंपनी? भागीदारी असेल तर आपला हिस्सा किती आणि काम पाहणाऱ्या भागीदाराला द्यायच्या मोबदल्याचे कलम भागीदारीपत्रात आहे का? बँकेत सहीचा अधिकार कोणाचा? मुंबई शुश्रूषागृहे नोंदणी अधिनियम, १९४९ (जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) त्याखालील नोंदणी दाखल्यावर नाव कोणाचे आहे? या प्रश्नांची उत्तरे 'सर बघतात' अशी असतील तर ती बदलून घ्यावीत. हा विषय घरात काढणे पुष्कळ जणींना मुलाखतीपेक्षा अवघड वाटते. मार्चअखेरीस सनदी लेखापाल हिशेब घेऊन बसतात, तेव्हा तो त्यांच्यासमोर काढला तर पती-पत्नींमधल्या रुसव्याफुगव्याचे रूप न येता तो करनियोजनाचा विषय म्हणून पुढे सरकतो.

मुलाखतीत विचारले जाते ते असे: खाटा किती, कर्मचारी किती, वार्षिक उलाढाल किती, आणि त्यातले कोणते निर्णय तुमचे एकटीचे होते. '२५ खाटांच्या रुग्णालयातील नेमणुका, पगार, खरेदी आणि परवाने यांची जबाबदारी' हे वाक्य खरे असेल तर ते बायोडेटात सर्वांत वर असावे. पदव्या त्याखाली आल्या तरी चालतात.

एमबीए करावेच लागते का?

साखळी रुग्णालयात शाखाप्रमुख व्हायचे असेल किंवा औषधकंपनीच्या व्यापारी बाजूला जायचे असेल तर व्यवस्थापनाची पदवी उपयोगी पडते. स्वतःच्या रुग्णालयाचा विस्तार करायचा असेल तर अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आणि एक चांगला हिशेबनीस यांवर बऱ्याच जणींचे भागते. रुग्णालय प्रशासनासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन आणि पुण्याच्या सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सायन्सेसचा रुग्णालय व आरोग्यसेवा व्यवस्थापनातील एमबीए हे महाराष्ट्रातले ओळखीचे पर्याय आहेत. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन हा एमडीचाही विषय आहे. दिल्लीच्या एम्समध्ये आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकवला जातो. सर्वसाधारण व्यवस्थापनाकडे जायचे असल्यास अहमदाबाद आणि बेंगळुरू येथील आयआयएमचे किंवा हैदराबादच्या आयएसबीचे एका वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम अनुभवी उमेदवारांसाठीच आहेत. नोकरी न सोडता शिकायचे असेल तर आरोग्यक्षेत्रातील वरिष्ठांसाठी टप्प्याटप्प्याने चालणारे कार्यक्रमही मिळतात.

पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा खर्च धरताना शुल्काइतकेच लक्ष बुडालेल्या उत्पन्नाकडे द्यावे, कारण चालत्या प्रॅक्टिसमधून वर्षभर बाहेर पडल्यावर पाठवणारे डॉक्टर आणि येणारे रुग्ण दोन्ही दुसरीकडे वळतात. केवळ नावापुढे तीन अक्षरे लावण्यासाठी दूरशिक्षणाची पदवी घेणे मला व्यर्थ वाटते. वर्गात बसून कारखान्यातल्या, बँकेतल्या, वाहतूक कंपनीतल्या माणसांशी वाद घालता येणे हाच त्या शिक्षणातला डॉक्टरांच्या उपयोगाचा भाग आहे, कारण एरवी डॉक्टरांची ऊठबस डॉक्टरांतच असते.

कोणत्या वयात हा बदल करावा?

वयाचा नियम नाही. मात्र पदव्युत्तर शिक्षणाआधीच वळणाऱ्यांना पुढे वरिष्ठ कन्सल्टंटांसमोर बोलताना जड जाते, हे खरे आहे. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांनी बंधपत्राची सेवा पूर्ण झाल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय कोठेही रुजू होऊ नये.

प्रॅक्टिस पूर्ण सोडावी का, की आठवड्यातून दोन ओपीडी ठेवाव्यात?

सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत थोडी रुग्णसेवा ठेवणे बहुतेकींना मानवते. वॉर्डातील डॉक्टर आपल्याला आपले समजतात, आणि मन रमत नसेल तर परतीचे दार उघडे राहते. परंतु ज्या रुग्णालयाच्या आपण प्रमुख आहोत तेथेच ओपीडी घेण्यात एक अडचण आहे. स्वागतकक्षातील मुलगी नवा रुग्ण कोणाकडे पाठवते याकडे त्या विभागातील प्रत्येक कन्सल्टंटचे लक्ष असते, आणि प्रमुखांच्या ओपीडीला चार रुग्ण जास्त गेले की रुग्णालयाचे सगळे निर्णय त्याच चष्म्यातून पाहिले जातात. शक्य असेल तर रुग्णसेवा दुसऱ्या संस्थेत करावी, धर्मादाय दवाखाना असेल तर उत्तम; नाहीतर नवे रुग्ण घेणे थांबवून फक्त जुने पाहावेत.

रुग्ण पाहणे पूर्ण थांबवले तरी महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी चालू ठेवावी. तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी ३० क्रेडिट गुण लागतात. हे गुण शेवटच्या वर्षी गोळा करायला धावाधाव होते, म्हणून दरवर्षी गुण देणाऱ्या एक-दोन वैद्यकीय कॉन्फरन्स ठरवून कराव्यात.

दवाखाना बंद करताना काय काय पूर्ण करावे लागते?

हा प्रश्न फार कमी जणी वेळेवर विचारतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. दवाखाना बंद झाला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. वाद न्यायालयात असेल तर ते त्याहून अधिक काळ ठेवावेत हे ओघाने आलेच. ग्राहक तक्रारीची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते आणि योग्य कारण दाखवल्यास आयोग उशीर माफही करू शकतो. व्यावसायिक दायित्वाचे विमापत्र बहुधा दावा दाखल होण्याच्या वेळी चालू असावे लागते, उपचाराच्या वेळी ते चालू होते एवढे पुरत नाही. त्यामुळे शेवटचा रुग्ण तपासल्याबरोबर विमा बंद करणे धोक्याचे आहे. मागील कामासाठी संरक्षण चालू ठेवण्याची सोय विमा कंपनीकडून लेखी घ्यावी.

सोनोग्राफी यंत्र असेल तर अधिक काळजी घ्यावी. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदणी हस्तांतरणीय नसते. केंद्र बंद झाल्यावर, किंवा त्याची मालकी अथवा व्यवस्थापन बदलल्यावरही, दाखल्याच्या दोन्ही प्रती समुचित प्राधिकाऱ्याकडे परत कराव्या लागतात आणि नव्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणजे भाच्याला किंवा जुन्या सहकाऱ्याला दवाखाना चालवायला देऊन आपण मुंबईला नोकरीवर निघून गेलो आणि दाखला आपल्याच नावाने भिंतीवर राहिला, तर तपासणीच्या दिवशी उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

उत्पन्न घटते का?

बहुधा घटते, निदान सुरुवातीला. चांगल्या चालणाऱ्या स्त्रीरोग किंवा त्वचारोग प्रॅक्टिसची बरोबरी मध्यम पदाचा पगार करत नाही; उलट भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट किंवा आरएमओ यांना नियमित पगारात फायदाही होऊ शकतो. करांचे गणितही बदलते. एकूण जमा ५० लाखांपर्यंत असलेल्या व्यावसायिकाला तिच्यातील निम्मी रक्कम नफा दाखवून अंदाजित पद्धतीने कर भरता येतो, पगारदाराला ती सोय नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. तेव्हा गृहकर्जाचे आणि यंत्रांच्या कर्जाचे हप्ते नव्या पगारातून जातील का हे राजीनाम्यापूर्वी पाहावे. स्टार्टअपने पगाराऐवजी शेअर देऊ केले, तर ते कधी आणि कोणत्या अटीवर आपले होतात हे वाचल्याशिवाय त्यांची किंमत पगारात धरू नये.

ताळेबंद वाचता येत नाही. सुरुवात कुठून करावी?

ताळेबंदापासून करू नये. रुग्णालयाच्या चार आकड्यांपासून करावी: खाटा किती टक्के भरलेल्या आहेत, रुग्ण सरासरी किती दिवस राहतो, भरलेल्या एका खाटेमागे दिवसाला किती उत्पन्न येते, आणि विमा कंपन्या व शासकीय योजना यांच्याकडे किती येणे किती दिवसांपासून थकले आहे. नफा-तोटा पत्रक त्यानंतर आपोआप उलगडते. कागदावर फायद्यात दिसणारे रुग्णालय पगाराच्या दिवशी ओव्हरड्राफ्टवर का जाते, याचे उत्तर बहुधा चौथ्या आकड्यात सापडते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. तो दर आपल्याला परवडतो की नाही हे त्या शस्त्रक्रियेचा स्वतःचा खर्च मांडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पुष्कळ रुग्णालयांनी तो कधी मांडलेलाच नसतो. धोरणाचा एक निर्णय सगळे गणित कसे हलवतो हे फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसले. हृदयाच्या औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली आणि स्टेंटवरच्या नफ्यावर उभ्या असलेल्या कॅथलॅबना (हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार होतात त्या विभागांना) आपले सेवाशुल्क नव्याने मांडावे लागले.

डॉक्टर असण्याचा खरा उपयोग कुठे होतो ते डिस्चार्जच्या दिवशी पाहावे. सकाळी दहाच्या राउंडला कन्सल्टंट 'आज घरी' म्हणतात. नातेवाईक पिशव्या बांधून जिन्याखाली येऊन बसतात. आरएमओ इमर्जन्सीत अडकलेला, डिस्चार्ज समरी (उपचारांचा सारांश) लिहिलेली नाही. समरी नाही म्हणून फार्मसीला उरलेल्या औषधांचा हिशेब करता येत नाही, त्यामुळे अंतिम बिल होत नाही आणि टीपीएकडे कागद दुपारी चारला जातात. रुग्ण संध्याकाळी सातला घरी जातो, आणि तोवर दुसरा रुग्ण कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर खाटेची वाट पाहत असतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये घातलेल्या बंधनानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची आहे, पण ते तीन तास रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून मोजले जातात. व्यवस्थापनातून थेट आलेला अधिकारी येथे बिलिंगला माणसे वाढवतो. वॉर्डात काम केलेल्या बाईला ठाऊक असते की उद्या घरी जाणाऱ्यांची यादी आज संध्याकाळच्या राउंडलाच होऊ शकते आणि समरीचा मसुदा रात्रपाळीत तयार होऊ शकतो. या एका बदलाने, नवी खाट न घेता, खाटा वाढल्यासारखे होते.

'कट'चे काय करायचे?

प्रमुखपदावर गेलात तरी वैद्यक परिषदेचे नियम आपल्याला डॉक्टर म्हणून लागू राहतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. २००२ च्या विनियमांनुसार रुग्ण पाठवल्याबद्दल मोबदला, म्हणजेच 'कट', देणे आणि घेणे दोन्ही गैरवर्तन आहे. २०२३ मध्ये आलेले नवे विनियम काही आठवड्यांतच स्थगित झाल्याने तेच जुने लागू राहिले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला, त्यावर भरपूर चर्चा झाली आणि तो मसुदाच राहिला. व्यवहारात ही देवघेव 'मार्केटिंग खर्च', 'आरोग्य शिबिर' किंवा 'व्याख्यानाचे मानधन' या नावांनी हिशेबात येते. आपण व्यवस्थापक झालो की या व्हाउचरवर सही आपली असते. एमबीए झालेल्या सहकाऱ्यावर परिषद कारवाई करू शकत नाही, आपल्यावर करू शकते.

म्हणून नियुक्तीपूर्वीच हा विषय स्पष्ट बोलून घ्यावा आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी दुसरे काहीतरी उभे करावे. रुग्ण पाठवणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला पुष्कळदा आपला रुग्ण पुढे कसा आहे हे कळतच नाही. त्याच दिवशी फोन, डिस्चार्जची प्रत आणि रुग्ण परत त्याच्याकडेच पाठवण्याची शिस्त यांनीही रुग्ण येत राहतात, फक्त हळूहळू. पहिल्या दोन तिमाहींत आकडे खाली येतील हे संचालक मंडळाला आधी सांगून ठेवावे.

जाहिरातीबाबतही तसेच आहे. डॉक्टर चालवत असलेल्या रुग्णालयाच्या जाहिरातीत संस्थेचे नाव, कोणते रुग्ण घेतले जातात, सोयी आणि शुल्क यांपलीकडे काही असू नये असे विनियम सांगतात. एक्स्प्रेसवेवरच्या फलकावर प्रमुख म्हणून आपलेच हसरे छायाचित्र लावण्याची कल्पना मार्केटिंग विभाग मांडेल, तेव्हा नकार द्यावा.

वरिष्ठ पुरुष कन्सल्टंट ऐकत नाहीत, अशा वेळी काय करावे?

'मॅडम, हे सरांना विचारून सांगता का?' हे वाक्य प्रमुखपदावर बसलेल्या बाईलाही ऐकावे लागते, आणि 'सर' म्हणजे कोण हे विचारणारालाही नीट सांगता येत नाही. वास्तविक आपल्याकडे रुग्णालयाच्या प्रमुखपदी बाई असणे जुने आहे. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याची धुरा डॉ. एडिथ पेची यांच्याकडे होती, आणि रखमाबाई राऊत यांनी पुढे सुरत व राजकोट येथील स्त्रियांची रुग्णालये कित्येक वर्षे सांभाळली. फरक एवढाच की त्यांच्या हाताखालच्या बहुतेक स्त्रिया होत्या.

दरारा बसवण्याच्या मागे लागू नये, नियम लेखी करावेत. कोणता डॉक्टर कोणती शस्त्रक्रिया करू शकतो हे एनएबीएचच्या मानकांनुसार तसेही लिहून ठेवावे लागते. ती यादी वैद्यकीय समितीच्या सहीने झाली की वाद व्यक्तींमधला राहत नाही. ओटीच्या वेळा, उशिरा सुरू होणाऱ्या शस्त्रक्रिया आणि अपूर्ण नोंदी यांची आकडेवारी दरमहा सर्व विभागांना नावानिशी पाठवावी, आपल्या मैत्रिणीच्या विभागासकट. बैठकीत बोलणे मध्येच तोडले गेले तर तेथेच 'माझे वाक्य पूर्ण करते' असे म्हणून ते पूर्ण करावे. नंतर केबिनमध्ये बोलावून समज देण्याने काही साधत नाही. ज्यांच्या हाताखाली आपण रेसिडेन्सी केली त्या सरांना मात्र बैठकीपूर्वी एकटे भेटावे. यात कमीपणा नाही.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असावी लागते. पुष्कळ रुग्णालयांत ही समिती फक्त भिंतीवरच्या फलकावर असते. प्रमुख झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिची बैठक लावावी, कारण सिस्टर आणि मावशी तक्रार घेऊन कोणाकडे जातात हे पाहिले की संस्थेची नाडी कळते.

घर आणि मुले यांचा मेळ बसतो का?

रात्री दोनला प्रसूतीसाठी उठावे लागत नाही, हा मोठा दिलासा असतो. त्याऐवजी रविवारच्या दुपारी संचालकांचे फोन येतात आणि महिन्याचे आकडे शनिवारी रात्री डोळ्यांपुढे फिरतात. खरी अडचण वेळेपेक्षा गावाची आहे. पतीची प्रॅक्टिस अकोल्यात रुजलेली असेल आणि आपले शाखाप्रमुखपद पुण्यात किंवा रायपुरात निघाले, तर कोणी हलायचे? पतीची प्रॅक्टिस हलत नाही हे घरात गृहीत धरलेले असते आणि त्यावर कधी चर्चाही झालेली नसते. ती पद स्वीकारण्यापूर्वी करावी. आठवड्यातले चार दिवस परगावी राहून हे जमवणाऱ्या आहेत, पण त्यांच्यामागे आई, सासू किंवा विश्वासू मदतनीस असते. ती नसेल तर औषधकंपनीतील किंवा विमाक्षेत्रातील मोठ्या शहरातले, बदली नसलेले काम अधिक सोयीचे.

प्रमुख म्हणून आपल्या हाती काही गोष्टी असतात. पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची आहे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय करावी लागते. तीन पाळ्यांत चालणाऱ्या रुग्णालयात ते पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद होत असेल, तर दुपारपाळीच्या सिस्टरला त्याचा उपयोग नाही.

एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर बोलावणे आले तर स्वीकारावे का?

बोलावणी येतात याचे एक कारण कायद्यात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या सर्व कंपन्यांना, तसेच १०० कोटी भागभांडवल किंवा ३०० कोटी उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांना किमान एक महिला संचालक बंधनकारक केली. सेबीने पुढे जाऊन बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांत एप्रिल २०२० पासून ती महिला स्वतंत्र संचालक असावी असे ठरवले. स्वतंत्र संचालक होण्यासाठी शासनाच्या माहितीकोशात नाव नोंदवावे लागते आणि पुरेसा पूर्वानुभव नसेल तर एक ऑनलाइन चाचणी द्यावी लागते.

संख्या भरण्यासाठी बोलावले आहे की खरोखर मत हवे आहे, हे मागील वर्षाची इतिवृत्ते आणि लेखापरीक्षकाचे शेरे मागितल्यावर समजते. रुग्णालय किंवा डायग्नोस्टिक कंपनी असेल तर आणखी एक सावधगिरी बाळगावी. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कलम २६ नुसार कंपनीकडून गुन्हा घडल्यास त्या वेळी कारभार पाहणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. संचालकांसाठीचा दायित्व विमा कंपनीने घेतलेला आहे का, आणि फौजदारी खटल्याच्या बचावाचा खर्च त्यात येतो का, हे पाहूनच संमतीपत्रावर सही करावी.

या वाटेने गेलेल्या स्त्रिया कोण आहेत?

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. झुलेखा दाऊद १९६४ च्या सुमारास शारजाला गेल्या, तेथे वर्षानुवर्षे प्रसूती केल्या आणि १९९२ मध्ये स्वतःच्या नावाचे रुग्णालय काढले. पुढे दुबईत दुसरे उभे राहिले आणि नागपुरातही त्यांच्या समूहाने रुग्णालय सुरू केले. जवळजवळ तीन दशकांची रुग्णसेवा आधी आणि उद्योग नंतर, असा त्यांचा क्रम आहे.

डॉ. स्वाती पिरामल यांचा क्रम वेगळा. मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी, मग १९९२ मध्ये हार्वर्डमधून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आणि कुटुंबाच्या उद्योगसमूहाचे उपाध्यक्षपद. असोचॅम या उद्योगसंघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. घरचा उद्योग असणे ही मोठी सोय होती, हे मान्य करूनच हे उदाहरण वाचावे.

मुंबईत जन्मलेल्या आणि लहानपणी अमेरिकेला गेलेल्या डॉ. रेश्मा केवलरमाणी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ. त्या अमजेन कंपनीत गेल्या, २०१७ मध्ये बॉस्टनच्या व्हर्टेक्स फार्मास्युटिकल्समध्ये आल्या, पुढच्या वर्षी तिच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी झाल्या आणि एप्रिल २०२० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यांच्याकडे घरचा उद्योग नव्हता; बाह्य संधी हेरून त्या औषधविकासाच्या कामातून पायरी-पायरीने वर गेल्या. स्टार्टअपच्या वाटेसाठी गुरुग्राममध्ये २०१८ साली सुरू झालेल्या प्रिस्टिन केअरच्या सहसंस्थापक, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. गरिमा साहनी यांचे नाव घेता येईल.

तालुक्याच्या नर्सिंग होममधून निघून मोठ्या संस्थेच्या प्रमुख झालेल्या बाईचे नाव या यादीत नाही. तशा बाई नसतील असे मला वाटत नाही. त्यांच्या कामाची नोंद 'सरांच्या हॉस्पिटलच्या' नावाने झालेली असते.

जमले नाही तर पुन्हा प्रॅक्टिसमध्ये येता येते का?

येते, पण शाखेनुसार फरक पडतो. फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ काही वर्षांच्या खंडानंतर अद्ययावत होऊन ओपीडी सुरू करू शकतात. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतिशास्त्रातील डॉक्टरांनी स्वतंत्रपणे काम सुरू करण्यापूर्वी काही महिने वर्दळीच्या रुग्णालयात सहकाऱ्याबरोबर काम करावे आणि ते अनुभवपत्र फाइलला ठेवावे. पुढे एखाद्या प्रकरणात प्रश्न आला तर वकील पहिल्यांदा खंडाबद्दलच विचारतो. दायित्व विमा नव्याने घेताना प्रस्तावपत्रात हा खंड लपवू नये. व्यवस्थापनातून परतलेल्या डॉक्टरला एक फायदा मात्र लगेच मिळतो: नव्या दवाखान्याचा भाडेकरार, कर्ज आणि यंत्रखरेदी यांची बोलणी ती स्वतः करते.